क्लायंट म्हणतो ‘प्रतिमा सुधारा’, तेव्हा संशोधन कुठून सुरू करायचं?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नाशिकच्या एका छोट्या जनसंपर्क संस्थेत तीन वर्षं काम करताय. १२० खाटांचं एक खासगी रुग्णालय नवं क्लायंट म्हणून आलंय. त्यांचं म्हणणं, ‘शहरात आमच्याबद्दल उगाच वाईट बोललं जातं, आमची प्रतिमा सुधारा.’ एम.ए.ला तुम्ही संशोधन पद्धती शिकलात, प्रबंधही लिहिलात, पण ते शिक्षण इथे कुठे लावायचं ते कळत नाही. क्लायंट संशोधनाचे वेगळे पैसे द्यायला तयार नाही. वरिष्ठ म्हणतात, गुगल फॉर्म फिरवू आणि त्यातला पाय चार्ट प्रपोजलमध्ये लावू. आणि त्याच पाहणीतून ‘९० टक्के रुग्ण समाधानी’ अशी बातमीही निघावी, अशी क्लायंटची इच्छा आहे.

मी बावीस वर्षं हे काम करतेय, त्यातली बरीचशी पुणे-सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात. डेअऱ्या, शिक्षणसंस्था, दोन-तीन रुग्णालयं, एक-दोन बांधकाम कंपन्या असे क्लायंट. तुमची अडचण पद्धतीची आहे असं तुम्हाला वाटतंय. मला मात्र ती एक पायरी आधीची वाटते. ‘प्रतिमा वाईट आहे’ हे रुग्णालयाने स्वतःच केलेलं निदान आहे आणि ते अजून कुणीही तपासलेलं नाही. कुणाच्या मनातली प्रतिमा? दाखल होऊन घरी गेलेल्या रुग्णांच्या? आजवर रुग्ण पाठवणाऱ्या आणि आता न पाठवणाऱ्या फॅमिली डॉक्टरांच्या? रुग्णालयातल्या नर्सेसच्या? की संचालकांच्या ओळखीतल्या चार जणांच्या? यातल्या प्रत्येकासाठी विचारायची जागा वेगळी, प्रश्न वेगळे आणि उपायही वेगळा. हे ठरलं नसताना फॉर्म फिरवला, तर पाय चार्ट सुंदर येईल आणि त्यावरून काहीच ठरवता येणार नाही.

म्हणून पहिल्या बैठकीत मी क्लायंटला एकच गोष्ट विचारते: ‘या पाहणीचं उत्तर असं आलं तर तुम्ही काय कराल, आणि उलटं आलं तर काय कराल?’ दोन्ही वेळा उत्तर ‘बातमी देऊ’ असंच असेल, तर तो प्रश्न मी यादीतून काढते. पैसे आणि वेळ दोन्ही कमी असतात. ज्या उत्तराने कुणाचंच वागणं बदलणार नाही, त्यासाठी लोकांची दहा मिनिटं घेणं मला योग्य वाटत नाही. जॉन मार्स्टन यांनी १९६३ मध्ये जनसंपर्काच्या कामाचे चार टप्पे सांगितले: संशोधन, कृती, संवाद, मूल्यमापन. अभ्यासक्रमात तुम्ही ते पाठ केले असतील. आपण बहुतेक जण पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारतो. दुसऱ्या पायरीवर क्लायंटला स्वतःत काहीतरी बदलावं लागतं, आणि ते त्याला सांगायचा धीर आपल्याला होत नाही.

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही आधीच सांगते. क्लायंट तुम्हाला आतली कागदपत्रं दाखवणार आहे का, यावर निम्मं काम ठरतं. सध्या एखादं प्रकरण पेटलेलं असेल, म्हणजे रुग्ण दगावल्यावरून तोडफोड, वर्तमानपत्रात रोज बातमी, तर तीन आठवड्यांचं संशोधन करत बसता येत नाही. तेव्हा रोज संध्याकाळी वीस फोन आणि दिवसभराची कात्रणं एवढ्यावर निर्णय घ्यावे लागतात. रुग्णालय धर्मादाय न्यासाचं आहे की डॉक्टरांच्या भागीदारीतलं, शासकीय योजनेचे रुग्ण किती येतात, ग्रामीण भागातून किती येतात, यावर कुणाशी बोलायचं ते बदलतं. पुढचं सगळं मी असं धरून लिहितेय की प्रकरण पेटलेलं नाही, आणि तुमच्याकडे साधारण तीन आठवडे, दोन माणसं आणि प्रवासखर्चापुरते पैसे आहेत.

सुरुवात लोकांना विचारण्याने करू नका. जे आधीच लिहून ठेवलेलं आहे ते वाचा. रुग्णालयात तक्रारवही असते, डिस्चार्जच्या वेळी भरून घेतलेले अभिप्रायाचे कागद गठ्ठ्याने पडलेले असतात, फोन उचलणाऱ्या मुलींकडे ‘लोक काय विचारतात’ याची नोंद नाहीतर निदान आठवण असते. गुगलवरचे रिव्ह्यू आहेत. शहरातल्या दैनिकांच्या नाशिक आवृत्तीत गेल्या दोन वर्षांत काय छापून आलं ते आहे. हे सगळं फुकट आहे आणि कुणाचा वेळही घेत नाही.

यावर तुम्ही वर्गात शिकलेलं आशय विश्लेषण इथे जसंच्या तसं लागू पडतं. गेल्या वर्षभरातले सगळे रिव्ह्यू आणि तक्रारी एका एक्सेल शीटमध्ये घ्या. आधी चाळीस-पन्नास नुसते वाचा आणि त्यातूनच शीर्षकं तयार होऊ द्या: बिल, डिस्चार्जला उशीर, डॉक्टर बोलत नाहीत, नर्सेसचं वागणं, स्वच्छता, विम्याचा घोळ, उपचाराचा परिणाम. प्रत्येक शीर्षकात काय बसतं आणि काय नाही हे एका ओळीत लिहा. मग तेच चाळीस मजकूर तुम्ही आणि तुमचा सहकारी, एकमेकांचं न बघता, वेगवेगळे वर्गीकृत करा. दहातल्या निदान आठ ठिकाणी दोघांचं जुळलं नाही तर व्याख्या ढिल्या आहेत असं समजा, त्या पुन्हा लिहा. हे कंटाळवाणं आहे, पण माझ्या कामात सर्वांत जास्त डोळे उघडणारं तंत्र हेच ठरलंय. मात्र एक लक्षात ठेवा. रिव्ह्यू लिहिणारा एकतर फार चिडलेला असतो किंवा फार भारावलेला, आणि बऱ्याच ठिकाणी कर्मचाऱ्यांनाच पाच तारे द्यायला सांगितलेलं असतं. त्यामुळे ‘किती टक्के लोक नाराज’ हे रिव्ह्यूवरून काढू नका. ‘लोक कशावरून नाराज होतात’ एवढंच काढा.

आता माझ्या एका कामाची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण आधी नोंदी, मग माणसं, मग आकडे हा क्रम मी तिथे शिकले.

एका खासगी डेअरीचं काम आमच्याकडे आलं. दूध संकलन घटत होतं. मालकांचं निदान पक्कं होतं: प्रतिस्पर्धी डेअरीची माणसं गावोगाव सांगत फिरतायत की ही डेअरी बंद पडणार, बिलं बुडणार. त्यांना हवं होतं अध्यक्षांची मुलाखत, एक चार पानी पुरवणी आणि तालुक्याच्या ठिकाणी शेतकरी मेळावा. मी पुरवणीचा आराखडाही काढून ठेवला होता. माझ्याबरोबरचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, आधी संकलनाचं रजिस्टर मागून बघ. तीन महिन्यांचं, केंद्रवार. ते आलं, आणि दिसलं की घट सगळीकडे नव्हतीच. अकरा केंद्रांपैकी चार केंद्रांवर दूध झपाट्याने कमी झालं होतं, उरलेल्या सातवर जवळजवळ होतं तेवढंच होतं. अफवा चार गावांतच थांबत नाही. मेव्हण्याच्या गावातून ती संध्याकाळपर्यंत आपल्या गावात येते. तेव्हा या चार केंद्रांवर काहीतरी वेगळं घडलं होतं.

आम्ही पहाटे साडेपाचला त्या केंद्रांवर जाऊन बसायला लागलो. पहिले दोन दिवस काहीच विचारलं नाही, फक्त पाहिलं. तिसऱ्या दिवसापासून लोकांच्या घरी गेलो. घरी जाण्याचं कारण असं, की केंद्रावर सचिव समोर उभा असताना कुणी काही बोलत नाही. आणि पुरुषांशी बोलून आमचा एक अख्खा दिवस वाया गेला. धार काढणारी, दूध केंद्रावर नेणारी बाई होती. पुरुष फक्त दहा दिवसांनी बिल आणायचा. त्यामुळे पुरुष आम्हाला अफवा सांगायचे आणि बायका आम्हाला यंत्र सांगायच्या. एका आजींनी चार शब्दांत सगळं सांगितलं: ‘फॅट त्येंलाच दिसतो, आमाला चिठ्ठी.’

झालं होतं असं. त्या चार केंद्रांचं नूतनीकरण करताना फॅट तपासायचं यंत्र काउंटरच्या आत, काचेपलीकडे ठेवलं गेलं होतं. आकड्यांची पट्टी ऑपरेटरकडे तोंड करून. आधी शेतकरी बाजूला उभा राहून आकडा बघायचा, आता त्याच्या हातात फक्त चिठ्ठी येत होती. गाईच्या दुधाचा दर साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफवर (फॅट सोडून दुधात उरणारे घन घटक) ठरलेला असतो, त्याखाली एकेक पॉइंट उतरला की दर कापला जातो. ज्या आकड्यावर घरचं गणित उभं आहे, तो आकडा डोळ्यांसमोरून गेला होता. यंत्र चुकत नव्हतं, आम्ही तेही तपासून घेतलं. पण शंका घ्यायला जागा झाली होती. डेअरी बंद पडणार ही अफवा खरोखरच फिरत होती, मात्र ती सोडून गेलेल्यांच्या तोंडी होती. सोडून जायचं ठरल्यावर सांगायला एक कारण म्हणून.

पुरवणी निघाली नाही. यंत्राचं तोंड फिरवलं, काचेत खिडकी केली, आणि आठवड्यातून एकदा कुणालाही स्वतःचं दूध समोर पुन्हा तपासून घेता येईल अशी सोय केली. मग त्या चारच गावांत, देवळासमोर, संध्याकाळी छोट्या बैठका. तीन केंद्रांवर दूध हळूहळू परत आलं. चौथ्यावर आलं नाही. तिथे दुसऱ्या डेअरीने गाई घ्यायला उचल दिली होती, आणि त्यापुढे आमच्या कुठल्याही बैठकीचं काही चालण्यासारखं नव्हतं. हेही आम्ही क्लायंटला लेखी कळवलं. काय संवादाने सुटणार नाही ते वेळेत सांगणं हा आपल्या कामाचा भाग आहे असं मी मानते.

महाराष्ट्रातलंच एक मोठं, सर्वांना माहीत असलेलं उदाहरण घ्या. ऑक्टोबर २००३ मध्ये कॅडबरी डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्याच्या तक्रारी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आल्या. कंपनीचं सुरुवातीचं म्हणणं होतं की दोष दुकानातल्या साठवणुकीत आहे. पण २००४ च्या सुरुवातीला कंपनीने वेष्टनच बदललं, आतला अॅल्युमिनियमचा कागद आणि बाहेरचं प्लास्टिक आवरण असं दुहेरी, घट्ट बंद केलेलं, आणि त्यानंतर अमिताभ बच्चन यांना घेऊन जाहिराती केल्या. जाहिराती लोकांच्या लक्षात राहिल्या, पण बच्चन यांना हातात धरून दाखवायला नवं वेष्टन होतं म्हणून त्या बोलण्याला वजन आलं. तुमच्या रुग्णालयाकडे दाखवायला काय असेल, ते संशोधनातून ठरायला हवं.

तेव्हा नोंदी वाचून झाल्या की मुलाखती. किती? सर्वेक्षणासारखा ठरावीक आकडा इथे नसतो. एका प्रकारच्या लोकांशी बोलत राहायचं, आणि सलग तीन-चार मुलाखतींत नवं काहीच येईना झालं की थांबायचं. माझ्या अनुभवात एका गटासाठी दहा ते पंधरा पुरतात. तुमच्यासाठी मी तीन गट धरेन: गेल्या तीन महिन्यांत घरी गेलेले रुग्ण किंवा त्यांच्यासोबत राहिलेले नातेवाईक, आसपासचे फॅमिली डॉक्टर, आणि रुग्णालयातलेच कर्मचारी. नातेवाईकांना विसरू नका. रुग्ण गुंगीत असतो. औषधं आणायला पळणारा, डिपॉझिट भरणारा, आयसीयूच्या दाराबाहेर रात्र काढणारा माणूस बाहेर जाऊन बोलतो. फॅमिली डॉक्टर पाच मिनिटंच देतील, पण त्यांचं एक वाक्य फार मोलाचं असतं. ‘मी पाठवलेल्या पेशंटचं पुढे काय झालं ते मला कुणी कळवत नाही’ हे मी दोन वेगवेगळ्या शहरांत ऐकलंय.

विचारायचं कसं, यावर थोडं थांबते. ‘आमच्या सेवेबद्दल तुमचं मत काय?’ असं विचारलंत की मराठी माणूस भिडेखातर ‘चांगलंय’ म्हणतो आणि विषय संपतो. मत मागू नका, घडलेलं मागा. ‘ज्या दिवशी घरी सोडलं, त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं ते सांगाल का?’ असं विचारा आणि गप्प बसा. मग कळतं की डॉक्टरांनी नऊ वाजता ‘आज जा’ म्हटलं, फाइल बिलिंगला गेली, तिथून विम्याच्या मंजुरीला गेली, जेवणाची वेळ टळली, गावाकडची शेवटची एसटी चुकली आणि संध्याकाळी सहाला ते बाहेर पडले. विमा नियामक आयआरडीएआयने मे २०२४ मध्ये कॅशलेसची अंतिम मंजुरी तीन तासांत देण्याचं बंधन विमा कंपन्यांवर घातलंय. त्यामुळे उशीर नेमका कुणाकडे होतो, कंपनीकडे की रुग्णालयाच्या कागद पाठवण्यात, हे वेळा लिहून काढलं तर स्पष्ट दिसतं. रुग्णालयात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना असेल तर तिथल्या आरोग्यमित्रांशीही, म्हणजे योजनेच्या रुग्णांना मदत करणाऱ्या माणसांशीही बोला. कुठल्या कागदासाठी लोक परत परत हेलपाटे घालतात ते त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

गटचर्चा रुग्णालयाच्या बाबतीत मी टाळते. आजारपणाबद्दल माणूस अनोळखी सहा जणांसमोर मोकळेपणाने बोलत नाही, आणि त्याने बोलावं अशी अपेक्षा करणंही बरं नाही. कर्मचाऱ्यांची गटचर्चा घ्यायची असेल तर नर्सेस वेगळ्या, वॉर्डबॉय वेगळे, आणि मेट्रन खोलीत नसताना.

सर्वेक्षण या सगळ्यानंतर. क्रम महत्त्वाचा, कारण मुलाखती झाल्याशिवाय काय विचारायचं आणि कुठल्या शब्दांत, हेच माहीत नसतं. इंग्रजी प्रश्नावलीतलं ‘अत्यंत सहमत’ ते ‘अत्यंत असहमत’ तसंच्या तसं उतरवलं, तर सिन्नरहून किंवा दिंडोरीहून आलेल्या आजोबांना ते परीक्षेसारखं वाटतं. मी हो-नाही किंवा ठोस पर्याय ठेवते: ‘दाखल करताना अंदाजे खर्च सांगितला होता का?’, ‘शेवटचं बिल त्या अंदाजाच्या आसपास होतं, थोडं जास्त होतं की खूप जास्त?’, ‘घरात कुणाला पुन्हा दाखल करायची वेळ आली तर इथेच आणाल का?’ एका प्रश्नात दोन गोष्टी विचारू नका. ‘डॉक्टर आणि कर्मचारी वेळेवर आणि नम्रपणे वागले का?’ यात चार प्रश्न आहेत आणि उत्तर एकच.

आता नमुना किती आणि कसा. इथे लोक आकड्याच्या मागे लागतात आणि निवडीकडे दुर्लक्ष करतात. पाच टक्के इकडेतिकडे आणि ९५ टक्के खात्री एवढी अचूकता हवी असेल तर साधारण ३८५ लोक लागतात. तीन टक्क्यांची हवी असेल तर १०६७. शंभर लोक घेतले तर चूक जवळपास दहा टक्के. शहराची लोकसंख्या दोन लाख असो की वीस लाख, हे आकडे फारसे हलत नाहीत, हे क्लायंटला हमखास खोटं वाटतं. पण हे गणित लागू होण्याची अट अशी, की प्रत्येकाला निवडलं जाण्याची संधी सारखी हवी. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरवलेल्या गुगल फॉर्मला हे गणित लागूच होत नाही, मग त्यात ३८५ उत्तरं येवोत की ३८ हजार. अमेरिकेत १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना कार्डं पाठवली, वीस लाखांहून जास्त परत आली, आणि त्यावरून अध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन जिंकतील असं छापलं. जिंकले रूझवेल्ट, ४८ पैकी ४६ राज्यांत. टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारमालकांच्या याद्यांतून पत्ते घेतले होते. मंदीच्या त्या वर्षांत टेलिफोन आणि मोटार कुणाकडे होती याचा विचार झाला नव्हता. शिवाय कार्ड परत पाठवायची तसदीही ठरावीक लोकांनीच घेतली. जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी सुमारे पन्नास हजारांच्या नमुन्यावरून रूझवेल्ट यांचं नाव सांगितलं होतं. तुमचा गुगल फॉर्म म्हणजे या कार्डांचीच छोटी आवृत्ती आहे.

तुमच्याकडे मात्र एक मोठी सोय आहे, जी साबण विकणाऱ्या कंपनीकडे नसते: डिस्चार्जचं रजिस्टर, म्हणजे पूर्ण यादी. त्यातून दर पाचवा किंवा दर आठवा रुग्ण घ्या, पहिला आकडा चिठ्ठी काढून ठरवा, आणि रुग्णालयाने नव्हे तर तुम्ही फोन करा. केव्हा? डिस्चार्जच्या दारात नको, तिथे माणूस सुटकेच्या आनंदात असतो किंवा बिलाच्या धक्क्यात. आठ-दहा दिवसांनी. फोन लागला नाही तर वेगवेगळ्या वेळी तीनदा करा, मगच सोडा. उचलणारेच घेतले तर पुन्हा तीच चूक. दगावलेल्या रुग्णांच्या घरी या पाहणीसाठी फोन जाता कामा नये. ती नावं यादीतून आधी काढून घ्या, आणि हे काम सर्वांत आधी करा.

रुग्णांची माहिती हातात घेताना आणखी काळजी लागते. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायदा हे एक कारण आहेच, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. तुम्हाला आजार कळायची गरज नाही. नाव, फोन आणि डिस्चार्जची तारीख पुरे. शक्य असेल तर रुग्णालयानेच आधी एक संदेश पाठवून विचारावं की अशी पाहणी आहे, फोन केला तर चालेल का. फोनवर पहिल्या वाक्यात तुम्ही कोण, कुणासाठी, किती मिनिटं, आणि ‘नको म्हणालात तरी पुढच्या उपचारांवर काही फरक पडणार नाही’ हे सांगायचं. अहवालात कुणाचंही बोलणं ओळखू येईल असं लिहू नका. क्लायंट हमखास विचारतो, ‘हे कुठला पेशंट म्हणाला?’ त्याला नाव द्यायचं नाही. एकदा दिलंत तर पुढच्या वेळी कुणी खरं बोलणार नाही, आणि तसं झालं तर दोष आपलाच.

‘९० टक्के समाधानी’ या बातमीबद्दल माझं मत ठाम आहे. निर्णयासाठी केलेली पाहणी आणि बातमीसाठी केलेली पाहणी एकाच प्रश्नावलीत मिसळू नये. बातमीचा आकडा आधी ठरवला की प्रश्न त्याच्याकडे झुकायला लागतात, आणि मग क्लायंटला स्वतःबद्दल खरं कळायचा एकमेव मार्गही बंद होतो. शिवाय आरोग्य बघणारा जिल्हा पातळीवरचा चांगला वार्ताहर विचारणारच: किती लोकांना विचारलं, कसं निवडलं, पैसे कुणी दिले? या तिन्हींची उत्तरं बातमीतच छापायची क्लायंटची तयारी असेल तरच मी असा आकडा बाहेर देते. बहुतेक वेळा तयारी नसते आणि विषय तिथेच मिटतो.

आतापर्यंतचा क्रम एकदा सांगते: पहिला आठवडा नोंदी आणि आशय विश्लेषण, दुसरा आठवडा मुलाखती, तिसरा आठवडा छोटी प्रश्नावली आणि फोन. तीन आठवड्यांत दोन माणसांकडून ३८५ फोन होणार नाहीत, दोनशे होतील. चालेल. दोनशेमध्ये चूक सुमारे सात टक्क्यांची आहे हे अहवालात मोठ्या अक्षरांत लिहा, आणि वॉर्डवार किंवा तालुकावार टक्केवारी काढायचा मोह टाळा; एका तालुक्याचे बारा लोक असतात आणि त्यावरून ‘निफाडकर नाराज’ असं कुणीतरी बोलून जातं.

हीच दोनशेंची पाहणी तुमची आधीची नोंद ठरते, आणि मूल्यमापन तिथून सुरू होतं. सहा महिन्यांनी त्याच पद्धतीने, त्याच प्रश्नांनी पुन्हा दोनशे. दोन्ही वेळा दोनशे असतील तर साधारण दहा टक्क्यांहून कमी फरकाला मी बदल म्हणत नाही. ५८ चे ६३ झाले म्हणून केक कापू नका, आणि ६३ चे ५८ झाले म्हणून कुणाला झापूही देऊ नका.

कात्रणांच्या फाइलबद्दल वरिष्ठांशी तुमचा वाद होईल, म्हणून सांगते. बातमीचे चौरस सेंटिमीटर मोजून त्याला जाहिरातीच्या दराने गुणायचं आणि ‘एवढ्या लाखांचं कव्हरेज मिळवून दिलं’ म्हणायचं, ही पद्धत आपल्याकडे अजून सर्रास चालते. २०१० मध्ये बार्सिलोना इथे या क्षेत्रातल्या मोजमाप करणाऱ्या संस्था एकत्र आल्या, आणि त्यांनी मान्य केलेल्या तत्त्वांत स्पष्ट म्हटलंय की जाहिरातमूल्य हे जनसंपर्काचं मूल्य नव्हे. रुग्णालयावर टीका करणारी बातमीही तेवढीच जागा व्यापते, एवढं एक उदाहरण क्लायंटला दाखवा, त्याला लगेच पटतं. त्याऐवजी तीन थर वेगळे दाखवा: आपण काय केलं, लोकांपर्यंत काय पोचलं आणि त्यांना काय आठवतं, आणि त्यांच्या वागण्यात काय बदललं. तिसऱ्या थरासाठी रुग्णालयाकडे फॅमिली डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आलेल्या रुग्णांची नोंद असते. ती दर महिन्याला मागून घ्या. पण तेवढ्यावरून श्रेय घेऊ नका. डेंग्यूची साथ आली तरी ती नोंद वाढते. जमलं तर डॉक्टरांना ‘पेशंटचं पुढे काय झालं’ हे कळवायची नवी पद्धत आधी निम्म्याच भागात सुरू करायला सांगा, म्हणजे तुलनेला उरलेला भाग राहील.

पैशांचं म्हणाल तर ‘संशोधन’ या नावाने मी वेगळी रक्कम मागत नाही. प्रपोजलमध्ये पहिले तीन आठवडे ‘तयारी’ म्हणून धरते आणि त्या काळात एकही प्रेस नोट जाणार नाही असं आधीच लिहून देते. क्लायंटला ते थोडं बोचतं. पण तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी त्याच्याच रजिस्टरमधून निघालेली गोष्ट त्याच्यासमोर ठेवली, की सहसा तोच विचारतो, हे दरवर्षी करता येईल का. निष्कर्ष सांगताना कटू भाग आधी प्रमुखांना एकट्यात सांगा. सगळ्या विभागप्रमुखांसमोर पडद्यावर ‘बिलिंग’ असं लाल अक्षरांत आलं की पुढचा तास बिलिंगचा प्रमुख बचाव करण्यात घालवतो आणि काम तिथेच थांबतं.

तुम्ही उद्या काय करावं असं विचाराल तर एवढंच सांगेन: परवानगी घेऊन तीन दिवस बिलिंगच्या काउंटरशेजारी बसा. वही घ्या. प्रत्येक डिस्चार्जची फाइल किती वाजता आली, कुठे थांबली, माणूस किती वाजता बाहेर पडला, आणि त्या वेळात नातेवाईकांनी काउंटरवर किती वेळा येऊन विचारलं, हे लिहा. त्यानंतर प्रश्नावलीचा पहिला मसुदा करा आणि इथे टाका. कुठला प्रश्न कुठे घसरतोय ते मी वाचून सांगेन.